शपथ दोन्ही बाजूंची असते

मागच्या व्याख्यानात आपण सरंजामशाहीची आर्थिक बाजू पाहिली. आज तिच्यातल्या राजकीय विचाराकडे वळू. राजसत्तेला मर्यादा असते, ही कल्पना मध्ययुगीन युरोपात कुठून आली?

आता बघा, सामंत आपले जोडलेले हात स्वामीच्या हातात देऊन निष्ठेची शपथ घेत असे. ही शपथ एकतर्फी होती असं आपल्याला वाटतं. पण १०२० च्या सुमारास शार्त्रचा बिशप फुल्बेर याने अ‍ॅक्विटेनच्या ड्यूकला एक पत्र लिहिलं. सामंताची कर्तव्यं सांगून झाल्यावर तो बजावतो, की स्वामीनेही सामंताशी तसंच वागलं पाहिजे. म्हणजे हे नातं कराराचं झालं. आणि स्वामीने करार मोडला, तर सामंताला निष्ठा मागे घेता येते!

इंग्लंडचा राजा जॉन हाही सरदारांचा स्वामीच होता. १२१५ च्या मॅग्ना कार्टात सरदारांनी त्याच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. काही ठरावीक प्रसंग सोडले, तर राज्याच्या सामाईक संमतीशिवाय सामंती पट्टी बसवायची नाही. आणि समकक्षांच्या निवाड्याशिवाय किंवा देशाच्या कायद्याशिवाय स्वतंत्र माणसाला कैद करायचं नाही. ‘स्वतंत्र’ हा शब्द लक्षात ठेवा. जमिनीला बांधलेली कुळं त्यात येत नव्हती.

पण राजाने शब्द पाळला नाही तर? त्यासाठी एकसष्टावं कलम होतं. पंचवीस सरदारांनी राजाचे किल्ले आणि जमिनी जप्त कराव्यात. राजा, राणी आणि मुलांना मात्र हात लावू नये. थोडक्यात, कायदेशीर बंडच! दोन-अडीच महिन्यांतच पोप तिसरा इनोसंट याने ही सनद जबरदस्तीने घेतलेली म्हणून रद्द ठरवली आणि युद्ध पेटलं. १२१६ मध्ये सनद पुन्हा काढली, तेव्हा हे कलम वगळलेलं होतं.

टिकली ती १२२५ ची सनद. तिच्या बदल्यात तिसऱ्या हेन्रीला जंगम मालमत्तेच्या पंधराव्या हिश्शाचा कर मिळाला. तलवारीच्या जागी पैशाची थैली आली. राजाला पैसा लागणार, आणि तो विचारल्याशिवाय मिळणार नाही. पुढे पार्लमेंटची ताकद वाढली ती याच वाटेने.

सरंजामी विचाराने राजाला मर्यादा घातली. ती पाळायला लावणारी संस्था मात्र त्याच्याजवळ नव्हती. म्हणून कुठलीही राज्यघटना वाचताना हक्कांच्या यादीवर थांबू नका. सत्ताधाऱ्याने शब्द मोडला, तर त्याला अडवणार कोण आणि कशाच्या जोरावर, हेही तिला विचारा.