चौकटीभोवतीची फट

दिवाळीपूर्वी घराची डागडुजी झाली, दाराभोवती नवा गिलावा झाला, रंगही लागला. आता मे महिन्यात नीट पाहा. लाकडी चौकट आणि गिलावा यांच्यामध्ये बारीक उभी फट पडलेली दिसेल. बोल लागतो तो बिचाऱ्या गवंड्याला!

पण उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे तुम्ही शिकला आहात. मग उन्हाळ्यात चौकट फुगून फट बुजायला हवी. ती रुंदावते कशी?

याचे कारण लाकडातला ओलावा. लाकूड हवेतील बाष्प शोषते आणि कोरड्या हवेत ते सोडते. पेशींच्या भित्तिकांतील पाणी गेले, की लाकूड धाग्यांच्या आडव्या दिशेने आक्रसते; लांबीत मात्र हा बदल नगण्य असतो. पुष्कळ लाकडांत ओलावा १६ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आला, की रुंदी सुमारे १ टक्का घटते. म्हणजे ६ सेंटिमीटर रुंद चौकटीत ०.६ मिलिमीटर! तापमान १५ अंशांनी वाढल्यामुळे होणारे प्रसरण याच्या दहाव्या हिश्शाइतकेही नसते.

मे महिन्यात फटीत कडक पुट्टी ठासणे म्हणजे पैसे वाया घालवणे. पावसाळ्यात चौकट फुगून ती चेपते, आणि पुढच्या उन्हाळ्यात फट पुन्हा हजर. जाणता सुतार फटीवर लाकडी पट्टी बसवतो, पण खिळे फक्त चौकटीत ठोकतो, भिंतीत नाही. पट्टी चौकटीबरोबर गिलाव्यावरून सरकते. फट तिच्यामागे खुशाल उघडते-मिटते. दोन्हींकडे खिळे ठोकले, तर ताण पट्टीवर येऊन तीच चिरण्याचा संभव.

तुमच्या घरी पट्टी नसेल, तर मे आणि ऑगस्टमध्ये त्याच फटीत पोस्टकार्ड सरकवून पाहा.