आमच्या घरातली शांता आपटे

शांता आपटे आमच्या नात्यातली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण लहानपणी मला ती नात्यातलीच वाटायची. आत्या सासरच्या तक्रारी घेऊन माहेरी आली की आजी भाजी निवडता निवडता म्हणायची, "शांता असती तर एव्हाना काठी काढली असती." वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांनी कचेरीत साहेबाशी भांडण उकरून काढलं तेव्हाही, "हा शांतावर गेलाय." कुणीतरी तापट मावशी असेल, लवकर वारली असेल, असा माझा हिशोब होता. भिंतीवर तिचा फोटो का नाही, एवढंच कोडं पडायचं.

ती सिनेमातली नटी होती हे कळलं तेव्हा तिला जाऊन काही वर्षं झाली होती. शांता आपटे वारली 1964 साली, मुंबईत. तिचं वय तेव्हा पन्नासच्याही आत. आमच्या घरात तिला मोठ्या पडद्यावर पाहिलेल्या बायका दोनच होत्या : आजी आणि आजीची थोरली बहीण, आमची अक्काआजी. बाकी सगळ्यांच्या 'आठवणी' म्हणजे ऐकीव माल. अण्णांचा जन्म 1938 चा, आत्या त्यांच्याहून लहान. 'कुंकू' लागला 1937 साली. तरीही दोघं त्या सिनेमाबद्दल असे बोलायचे, जणू पहिल्या खेळाला पहिल्या रांगेत बसले होते.

ज्यांनी तिचं नावही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शांता आपटे सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीची. गाणं लहानपणापासून शिकलेली. भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' मधून 1932 साली ती पडद्यावर आली आणि 1934 च्या 'अमृतमंथन' पासून प्रभातची झाली. प्रभात फिल्म कंपनी त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापूरहून पुण्याला आली होती. आज जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीच ती जागा. तेव्हा नटनट्या स्वतःच गायच्या, आणि गाताना बहुतेक जण फोटोला बसल्यासारखे समोर बघत उभे राहायचे. ही पोरगी मात्र गाताना हात हलवायची, मान वेळावायची, डोळ्यांनी बोलायची. तिच्या गाण्यांना चाली देणारे केशवराव भोळे होते. आजी तिची नक्कल करायची तेव्हा गाणं यथातथाच असायचं, पण भुवई बरोबर जागच्या जागी उडायची.

'कुंकू' ची गोष्ट आजच्या वाचकाला सांगताना 'बिजवर' हा शब्द समजावून द्यावा लागतो. पहिली बायको वारलेला, पुन्हा बोहल्यावर चढलेला नवरा तो बिजवर. हुंडा द्यायची ऐपत नसलेल्या घरातली पोर बिजवराला दिली की भागायचं. कधी कधी वर मुलीच्या घरच्यांच्याच हातात चार पैसे पडायचे. शारदा कायदा 1930 साली लागू झाला होता. पण त्यानं मुलीचं वय किमान 14 हवं एवढंच बघितलं. नवरा पंचावन्नचा असला तर कायद्याचं काही म्हणणं नव्हतं. देवलांचं 'संगीत शारदा' 1899 चं. म्हणजे एवढ्या वर्षांत नाटकं झाली, कायदा झाला, आणि बिजवर होते तिथेच होते. 'कुंकू' मधल्या नीराला तिचा मामा फसवून एका वयस्क वकिलाच्या गळ्यात बांधतो. ती त्या घरात राहते, पण त्याला नवरा मानायला साफ नकार देते. तरणाताठा सावत्र मुलगा अंगचटीला येतो तेव्हा काठी घेऊन त्याला फोडून काढते. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी हा सिनेमा केला. त्या वकिलाचं, काकासाहेबांचं, काम केशवराव दात्यांचं.

आता अक्काआजी. तिचं लग्न पंधराव्या वर्षी झालं, मिरजेतल्या एका बिजवर कारकुनाशी. त्याची थोरली मुलगी अक्काआजीच्याच वयाची होती. सिनेमा आला तेव्हा अक्काआजीच्या संसाराला दोनेक वर्षं झाली होती.

तिनं 'कुंकू' कसा पाहिला याच्या आमच्या घरात तीन आवृत्त्या आहेत. अण्णांची सगळ्यात मजेदार. ते सांगायचे की यजमानांनीच तिला हौसेनं नेलं. सिनेमाचं नाव 'कुंकू', कंपनी 'संत तुकाराम' वाली. त्यांना वाटलं सौभाग्याचा महिमा असेल, धाकट्या बायकोला चार चांगल्या गोष्टी कळतील. मध्यंतरापर्यंत ते घामाघूम झाले, आणि उरलेल्या सिनेमाभर त्यांनी उपरण्यानं चेहरा पुसला. आत्याची आवृत्ती अशी की अक्काआजी शेजारणींबरोबर, देवीला जाते असं सांगून गेली आणि परत येताना खरंच देवीला जाऊन आली, खोटं लागू नये म्हणून. आजी, म्हणजे सख्खी बहीण, म्हणायची की या दोन्ही थापा आहेत. "मी होते ना बरोबर. मीच तिला घेऊन गेले. सिनेमा संपला तरी ती उठेना. बायका म्हणाल्या, घेरी आली वाटतं. घेरी कसली, तिला पुन्हा बघायचा होता."

खुद्द अक्काआजी याबद्दल काहीही बोलायची नाही. मी तिला पाहिलं ते पांढऱ्या लुगड्यातली, सुपारी कातरत बसलेली म्हातारी म्हणून. मी एकदा विचारलं, "तू शांता आपटेला पाहिलं होतंस ना?" ती म्हणाली, "हो. दात बरे होते तिचे." मुलाखत संपली.

मला वाटतं, म्हणूनच बाकीचे इतकं बोलायचे. अक्काआजी जे कधी बोलली नाही ते आमच्या घरानं शांता आपटेच्या तोंडी घातलं. नवऱ्याविषयी, सासूविषयी, मिळालेल्या ताटाविषयी घरातल्या बाईनं बोलणं म्हणजे आगाऊपणा. पण "शांता असती तर" अशी सुरुवात केली की तेच वाक्य चालून जायचं. नटीच्या आठवणींचा हा उपयोग सिनेमाच्या इतिहासात कुणी नोंदवत नाही.

या उपयोगापायी बाईची आणि तिच्या भूमिकेची सरमिसळ झाली ती इतकी, की सोडवता सोडवेना. आत्याच्या गोष्टीत नीरा नवऱ्याच्या दारात उपाशी बसते. "तीन दिवस पाण्याचा थेंब नाही!" वास्तविक जो उपास गाजला तो 'कुंकू' नंतर दोन वर्षांनी, 1939 साली, शांता आपटेनं खऱ्या आयुष्यात केला, आणि तोही प्रभातच्या फाटकाशी. भांडण करार आणि पैशांचं होतं. काळ उपोषणांचा, पण ती गांधीजींनी करायची. पगारी नटीनं मालकाच्या फाटकाशी ठाण मांडणं लोकांनी पाहिलं नव्हतं. पुढच्याच वर्षी तिनं 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहिलं आणि सिनेमाच्या धंद्यात माणसं कशी पिळली जातात ते मांडलं. आत्याला हे सगळं सांगितलं तेव्हा ती जराही डगमगली नाही. "मग तेच तर मी म्हणतेय. मालक काय नि नवरा काय."

काठीचंही तसंच. 'फिल्मइंडिया' चे संपादक बाबूराव पटेल नटनट्यांवर वाटेल ते छापायचे. त्यांच्या कचेरीत शांता आपटे छडी घेऊन गेली अशी कथा सिनेमाच्या गप्पांत अजून फिरते. पडद्यावरची काठी आणि ही छडी यांतली कुठली आधी लोकांच्या डोक्यात शिरली कुणास ठाऊक. अण्णा दोन्ही एकदमच सांगायचे, आणि काठी उगारल्यावर वाजणारं पार्श्वसंगीतसुद्धा तोंडानं वाजवून दाखवायचे. ढँ ढँ ढँ, मग झांजा.

आमच्याकडे एक पुरावाही आहे. अक्काआजीची पत्र्याची ट्रंक. झाकणाच्या आतल्या बाजूला मासिकातलं एक चित्र खळीनं चिकटवलेलं, तळहाताएवढं. तिच्या नवऱ्याच्या घरात असलं चित्र भिंतीवर लागणं शक्यच नव्हतं. झाकणाच्या आत ते फक्त तिलाच दिसणार. अक्काआजी गेल्यावर ट्रंक आमच्याकडे आली, आणि पाहुण्यांना झाकण उघडून दाखवायची रीत पडली : ही शांता आपटे, अक्कांनी जपलेली. कागद तपकिरी पडलाय, एक कोपरा झुरळांनी खाल्लाय, खाली छापलेल्या नावातलं फक्त 'शांता' उरलंय. पुढे मी जुने सिनेमे बघायला लागले, तशी त्या चेहऱ्याबद्दल शंका यायला लागली. गाल भरलेले, ओठांवर मिस्कील हसू, बसण्यात एक ऐसपैस बेफिकिरी. एके दिवशी 'माणूस' पाहिला आणि उलगडा झाला. ट्रंकेतली शांता म्हणजे शांता हुबळीकर.

हीसुद्धा प्रभातचीच, पण एकदम वेगळी बाई. 1939 च्या 'माणूस' मध्ये ती मैना नावाची वेश्या झाली होती, आणि पोलीस शिपाई गणपत तिच्या प्रेमात पडतो. म्हणजे मिरजेतल्या सोवळ्या घरात, ट्रंकेच्या झाकणाखाली, अक्काआजी पडद्यावरची वेश्या चिकटवून बसली होती. तिला फरक कळत नसेल, हे मला पटत नाही. दात कसे होते हे जिच्या लक्षात राहिलं, ती चेहरा चुकेल? हा शोध मी घरात जाहीर केला. आजी तोवर गेली होती. अण्णांनी भिंग मागवलं, बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "आपटेच आहे. छपाई वाईट आहे." पाहुण्यांना अजून आपटेच सांगितली जाते. मीही सांगते.

परवा पुण्यात आत्याकडे गेले होते. तिची नात कॉलेजात शिकते; तिनं मोबाइलवर 'कुंकू' लावून दिला. आत्यानं आयुष्यभर ज्याची गोष्ट सांगितली तो सिनेमा ती पहिल्यांदाच पाहत होती. मी तिच्याकडे बघत होते. काठीचा प्रसंग आला. नीरा उठली, काठी घेतली, आणि... संगीत नाही. ढँ ढँ नाही, झांजा नाहीत. शांतारामांनी या सिनेमात पार्श्वसंगीत वापरलेलंच नाही. ऐकू येतात ते घरातले, रस्त्यावरचे आवाज, आणि गाण्यांनाही ग्रामोफोनसारखी घरातलीच साथ. अण्णांनी तो ऑर्केस्ट्रा कुठून आणला होता कोण जाणे. मला विचाराल तर संगीत नसल्यामुळेच ते फटके जास्त लागतात. आत्याचं मत पडलं, "आई सांगायची तेवढं काही बदडलं नाही हिनं."

आजीचं एक म्हणणं मात्र आम्ही सगळ्यांनी हसण्यावारी नेलं होतं. ती म्हणायची, "शांता नवऱ्याच्या घरात इंग्रजी झाडते." 1937 चा मराठी सिनेमा, त्यात गरीब घरातली पोर, इंग्रजी कुठून झाडणार? आणि सिनेमात ती खरोखर इंग्रजी गाते. लाँगफेलो या अमेरिकन कवीची कविता, चक्क चालीवर. आत्यानं माझा हात दाबला. घरात सगळ्यात अविश्वसनीय ठरलेली आठवण तेवढी खरी निघाली होती.

काकासाहेबांच्या विधवा मुलीच्या कामात शकुंतला परांजपे आल्या तेव्हा नातीला सांगितलं की या रँग्लर परांजप्यांच्या कन्या, सई परांजप्यांच्या आई, संततिनियमनाचं काम करणाऱ्या. तिला त्यात विशेष रस नव्हता. तिचा जीव केशवराव दात्यांवर जडला होता. "हा आजोबा वाईट नाहीये गं," ती सारखी म्हणत होती. नाहीच आहे. 'कुंकू' चं मोठेपण मला तिथेच वाटतं. म्हातारा खलनायक असता तर सिनेमा एव्हाना विसरला गेला असता. त्याला स्वतःची चूक हळूहळू कळत जाते आणि शेवटी, तू पुन्हा लग्न कर असं नीराला लिहून ठेवून, तो जीव देतो. आमच्या घरातल्या कुठल्याच आवृत्तीत हा शेवट नव्हता. आजीच्या गोष्टीत नीरा सरळ घर सोडते, गाडी पकडून पुण्याला जाते आणि प्रभातमध्ये नोकरी करते. अक्काआजीच्या यजमानांबद्दल, ते कसे होते, भले की बुरे, याबद्दल आजी अवाक्षर काढत नसे. गोष्टीतल्या नवऱ्यालाही तिनं असंच दारात उभं ठेवून दिलं.

सिनेमा संपला. मोबाइल बंद झाला. नातीनं विचारलं, "मग तिचं पुढे काय झालं?"

तिला नटीबद्दल विचारायचं असावं, म्हणून मी सांगायला सुरुवात केली की नंतर तिनं 'सावित्री' नावाचा तमिळ सिनेमासुद्धा केला, 1941 साली, त्यात नारद झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. पण आत्यानं मला हातानंच थांबवलं आणि पाय वर घेऊन नीट मांडी घातली.

"पुढे काय, ती सकाळच्या गाडीनं पुण्याला आली," आत्या म्हणाली. "मग प्रभातमध्ये लागली. तिथेही मालकांनी पैसे देताना कुरकुर केली, तर ही बसली दारात..."

"अगं आजी, पण आत्ताच तर आपण बघितलं, तो म्हातारा..."

"तू मध्ये बोलू नकोस. मी आईकडून ऐकलंय."