यंत्राचा धनी कोण?

वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मुकुटबन हें गांव आहे. भोंवतालच्या चुनखडकामुळें तेथें मोठा सिमेंटचा कारखाना उभा राहिला व २०२२ सालीं तो चालू झाला. तेथील आमच्या एका स्नेह्यांच्या पेढीवर नवा संगणक आला. त्याच्या पेटीच्या पेंचांवर कागदी पट्टी चिकटविलेली पाहून आम्हीं चौकशी केली, तेव्हां ते हंसून म्हणाले, "अहो, तो सोंवळ्यांत आहे! कंपनीच्या माणसाखेरीज कोणीं शिवलें कीं हमी बुडाली."

योगायोगानें तो बसविणारा तरुण तेथेंच होता. आम्हांसहि हंसूं आलेलें पाहून तो जरा दुखावलाच. "काका, तुम्हांला ही थट्टा वाटते. पण दुसऱ्या कंपनीचा माणूस आपलें छपाईयंत्र जोडण्याच्या निमित्तानें येतो, आमची पेटी उघडतो, एखादी जोडणी सैल करून जातो, आणि दुसऱ्या दिवशीं मालकाला सांगतो कीं, तुमचा संगणकच वाईट, आमचा घ्या. शिव्या मात्र आम्हीं खाव्यात!" म्हणून तो प्रत्येक भागाचा क्रमांक वहींत टिपतो, खालीं मालकाची सही घेतो आणि मगच पट्टी लावतो. त्याची ही दक्षता आम्हांस सर्वस्वीं योग्य वाटली. पोटासाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या माणसानें आपल्या कामाची अब्रू अशी न राखावी तर कशी राखावी?

परंतु पुढें पावसाळ्यांत तोच संगणक बंद पडला. कंपनीचा माणूस येण्यास नऊ दिवस लागले. दोन घरें पलीकडे राहणारा, असलीं यंत्रें नित्य दुरुस्त करणारा मुलगा दाराशीं येऊन परत गेला. पट्टी फाडण्याचें धैर्य कोणास होईना. हिशेब पेटींत आणि किल्ली परक्याच्या हातीं! पैसे आमच्या स्नेह्यांनीं मोजले, मग धनी कोण?

हा तंटा आजचा नव्हे. मुंबईस एस्सो कंपनीच्या कचेरींत १९६१ सालीं आयबीएमचें १४०१ हें यंत्र आलें. त्या काळीं आयबीएम आपलीं यंत्रें येथें बहुधा भाड्यानें देई. मालकी तिचीच, तेव्हां निगा राखणारीं माणसेंहि तिचींच. यांत वावगें कांहींच नव्हतें. अमेरिकेंत मात्र १९५६ च्या न्यायालयीन निवाड्यानें तिला यंत्रें विकण्यास व बाहेरच्या दुरुस्ती करणारांस सुटे भाग देण्यास भाग पाडलें होतें. १९७३ च्या परकीय चलन कायद्यावरून सरकारशीं बेबनाव होऊन १९७८ सालीं ती कंपनी देशांतून निघून गेली. मागें राहिलेल्या यंत्रांची निगा सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे आली, आणि तीं चालत राहिलीं. परका हात लागला म्हणून यंत्र बिघडतेंच असें नाहीं. हात अडाणी असला तर बिघडतें.

ग्राहकांस दुरुस्तीचा हक्क मिळावा म्हणून केंद्र सरकारनें २०२२ च्या जुलैमध्यें समिती नेमली आणि डिसेंबरांत त्याविषयींचें संकेतस्थळहि उघडलें. त्याचा उपयोग मुकुटबनास होईल तेव्हां होवो. आमच्या स्नेह्यांनीं आपला मार्ग काढला आहे. दुसरा संगणक घेतांना त्यांनीं विक्रेत्याकडून लिहून घेतलें कीं, वर्दी दिल्यापासून तीन दिवसांत माणूस न आल्यास पट्टी काढण्याची मुभा राहील. मात्र पेटी उघडतांच आंतील भागांचे क्रमांक वहींशीं ताडून पाहावे. ही दुसरी अट त्या तरुणानेंच सुचविली, आणि तिच्याखालीं आपली सही केली.