पिवळे कॅलिपर, लाल कॅलिपर

२००१ साली पोर्शेची ९११ जीटी२ आली, तेव्हा गाडीइतकीच चर्चा तिच्या चाकांआडून डोकावणाऱ्या पिवळ्या कॅलिपरची झाली. आदल्याच वर्षी मर्सिडीजने सीएल ५५ एएमजीच्या एका छोट्या मर्यादित आवृत्तीत सिरॅमिक ब्रेक बसवले होते, पण पिवळा कॅलिपर म्हणजे सिरॅमिक हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसवलं ते पोर्शेने. चकत्यांचा व्यास ३५० मिलिमीटर आणि वजन नेहमीच्या चकत्यांच्या जवळपास निम्मं. गंज नाही, चाकांवर काळ्या भुकटीचा थर नाही. आयुष्याबद्दल तर थेट ३ लाख किलोमीटरची भाषा होत होती. जुन्या चकत्यांचे दिवस भरले, असं तेव्हा भल्याभल्यांना वाटलं.

पाव शतक उलटल्यावर चित्र मोठं गमतीशीर झालं आहे. त्याच कंपनीची ९११ जीटी३ घेऊन जे खरोखर ट्रॅकवर उतरतात, त्यांच्यातले कित्येक जण ऑर्डर देताना सिरॅमिकवर फुली मारतात आणि लाल कॅलिपरचे साधे ब्रेक मागतात. पैसे नसतात म्हणून नव्हे. पैसे कुठे जातात हे त्यांना ठाऊक असतं म्हणून.

शर्यतीत तावून सुलाखून निघालेलं तंत्र पुढे रस्त्यावर येतं, ही मोटारींच्या जगातली लाडकी कथा. डिस्क ब्रेकपुरती ती खरीही आहे. १९५३ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी जिंकली, ती जॅग्वार सी-टाइपला लावलेल्या डनलॉपच्या डिस्क ब्रेकच्या जोरावर. ड्रम ब्रेकवाले प्रतिस्पर्धी वळणाआधी लवकर वेग कमी करत होते आणि जॅग्वार तिथेच त्यांना गाठत होती. काही वर्षांत घरगुती गाड्यांनाही डिस्क लागल्या.

कार्बनची वाट आकाशातून आली. १९७६ च्या जानेवारीत प्रवासी सेवेत रुजू झालेल्या कॉन्कॉर्ड विमानाला कार्बनचे ब्रेक होते. त्यामुळे विमानाचं कित्येकशे किलो वजन वाचलं. त्याच वर्षी गॉर्डन मरे यांनी ब्रॅबहॅमच्या फॉर्म्युला वन गाडीवर कार्बनचे प्रयोग सुरू केले आणि पुढच्या दशकात सगळी स्पर्धाच कार्बनवर गेली. पण निव्वळ कार्बनची चकती थंडपणी जवळजवळ निरुपयोगी असते. काहीशे अंशांवर तापल्याशिवाय ती पकड घेत नाही. सकाळी गॅरेजमधून गाडी काढून पहिल्याच सिग्नलला थांबायचं असेल, तर असा ब्रेक काय कामाचा?

यावर तोडगा निघाला तो अवकाशयानांच्या उष्णतारोधक कवचांवर काम करणाऱ्या जर्मन संशोधकांकडून. स्टुटगार्टच्या जर्मन एरोस्पेस सेंटरमध्ये कार्बन तंतू आणि सिलिकॉन कार्बाइड यांचं मिश्र द्रव्य तयार झालं होतं. बव्हेरियातल्या मायटिंगेन गावी एसजीएल कार्बन कंपनीने त्याच्या ब्रेकच्या चकत्या घडवायला घेतल्या. कार्बनचे आखूड तंतू आणि राळ साच्यात दाबायची, प्राणवायू न लागू देता भाजून राळेचा कार्बन करायचा, मग त्या सच्छिद्र चकतीत वितळलेलं सिलिकॉन मुरवायचं. सिलिकॉन वितळतं १४१४ अंश सेल्सिअसला; भट्टी त्याहून बरीच तापवावी लागते. एकेक चकती अशी दिवसेंदिवस भट्टीत राहून तयार होते. किंमत का चढी, ते यावरून कळावं. थंडपणीही पकड घेणारी, कठीण आणि हलकी अशी ही चकती होती. रस्त्यासाठी तर ती उत्तमच निघाली.

घोळ झाला तो ट्रॅकवर. दीड टनाची गाडी ताशी २०० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे २३ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता करावी लागते. १०० वरून थांबवायला त्याचा चौथा हिस्सा पुरतो. रस्त्यावर असा दणका क्वचित बसतो, ट्रॅकवर मिनिटामिनिटाला. ज्याला सगळे ‘स्टील ब्रेक’ म्हणतात ती चकती खरं तर बिडाची असते, कोल्हापूरच्या फौंड्र्यांत रोज ओतलं जातं त्याच जातीच्या करड्या बिडाची. बीड जड असतं हा त्याचा दोष आणि तोच त्याचा गुण. जाड बुडाचा तवा सावकाश तापतो, तशी जड चकती पुष्कळ उष्णता पोटात घेते. सिरॅमिकची घनता बिडाच्या एक तृतीयांशच. तेवढ्याच आकाराची सिरॅमिक चकती साधारण निम्मी उष्णता साठवते, म्हणून ती जास्त तापते आणि म्हणूनच ती मोठी करावी लागते. ९९१ पिढीच्या जीटी३ला पुढे बिडाची चकती ३८० मिलिमीटरची होती, तर सिरॅमिक ४१०ची.

तापमान चढलं की कार्बन तंतू हवेतल्या प्राणवायूने हळूहळू जळू लागतात. चकती फारशी झिजलेली दिसत नाही, पण आतून पोकळ होत जाते. तिचं आयुष्य जाडीवर नव्हे तर वजनावर मोजायचं ते त्यामुळेच. किमान वजन चकतीवर कोरलेलं असतं. सुरुवातीच्या वर्षांत ९११ जीटी३ घेऊन उत्साहाने ट्रॅकवर गेलेल्यांना हे खिशातून शिकावं लागलं. ‘गाडीच्या आयुष्यभर’ टिकणाऱ्या चकत्या काही मोजक्या ट्रॅक-दिवसांत बाद होऊ लागल्या. अमेरिकेत २०१८च्या जीटी३ला सिरॅमिकसाठी ९ हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत आणि चारही चकत्या बदलायचं बिल त्याच्या कितीतरी पुढे जाई. पोर्शेच्या माहितीपत्रकांतही बारीक अक्षरांत सूचना आली, की प्रत्येक ट्रॅक-दिवसानंतर ब्रेकचे भाग तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत आणि गरज पडल्यास बदलावेत. जाहिरातीतली ठळक अक्षरं आणि तळटीप यांचं पटत नाही, हा अनुभव फक्त ब्रेकपुरता नाही म्हणा.

मग सिरॅमिक काढून बीड बसवायचे संच विकणारा एक धंदाच उभा राहिला. त्यातलं एक आघाडीचं नाव इंग्लंडच्या एपी रेसिंगचं. ही कंपनी २०००पासून ब्रेम्बोच्या मालकीची आहे आणि सिरॅमिक चकत्यांच्या बाजारातलं सगळ्यांत मोठं नावही ब्रेम्बोच. एसजीएलबरोबर २००९ मध्ये त्यांनी संयुक्त कंपनी काढली. गिऱ्हाईक कुठल्याही दुकानात जावो, गल्ला एकच. (आपल्याकडे याच ब्रेम्बोचा चाकणला मोटारसायकलींच्या ब्रेकचा कारखाना आहे.)

जनरल मोटर्सचा प्रवास तर आणखी बोलका. २०१४च्या कॅमॅरो झेड/२८ या ट्रॅकसाठीच घडवलेल्या गाडीला त्यांनी ब्रेम्बोचे सिरॅमिक ब्रेक मूळ साजातच दिले. चारच वर्षांनी आलेल्या, अधिक ताकदवान झेडएल१ १एलईला मात्र बिडाच्या चकत्या होत्या. तीच गाडी नुर्बुर्गरिंगवर ७ मिनिटं १६ सेकंदांत फिरली, झेड/२८पेक्षा २० सेकंदांहून अधिक लवकर. याचं श्रेय अर्थात मुख्यतः इंजिनाला, पण बिडामुळे तिचं अडलं नाही, एवढं नक्की. फोर्डनेही २०२०च्या शेल्बी जीटी५००ला ४२० मिलिमीटरच्या बिडाच्या चकत्या बसवल्या. खुद्द पोर्शेची ९९२ पिढीची जीटी३ कप रेसकार बिडावर धावते आणि जगभरच्या जीटी३ वर्गाच्या शर्यतींत कार्बनच्या चकत्यांना मुळात मज्जावच आहे. म्हणजे शर्यतीतून रस्त्यावर येण्याची ती लाडकी कथा इथे उलटी फिरली.

तरी सिरॅमिकला निव्वळ शोभेची वस्तू ठरवणं अन्यायाचं होईल. फेरारीने २००२च्या एन्झोपासून हा रस्ता धरला आणि काही वर्षांत आपल्या सगळ्याच गाड्यांना सिरॅमिक दिले. चाकाशी लटकणारं वजन कमी झालं की सस्पेन्शनचं काम हलकं होतं, स्टिअरिंग चटकन वळतं. खराब रस्त्यावर हा फरक हाताला कळतो. ब्रेकिंगचं अंतर मात्र एकदोन ब्रेकिंगमध्ये फारसं घटत नाही, कारण गाडी शेवटी टायरच्या पकडीवर थांबते. एबीएस चालू होईपर्यंत दोन्ही ब्रेक पोहोचवतात. त्यापुढे चकतीच्या हातात काही नसतं.

२०१७ मध्ये पोर्शेनेच तिसरी वाट काढली. नव्या कायेनसाठी बिडाच्या चकतीवर टंगस्टन कार्बाइडचा सुमारे ०.१ मिलिमीटरचा थर आला, कॅलिपरचा रंग पांढरा. कंपनीच्या म्हणण्यानुसार भुकटी ९० टक्क्यांनी कमी आणि आयुष्य ३० टक्क्यांनी जास्त. तेव्हा ही श्रीमंतांची चैन वाटली होती. आता युरोपची युरो ७ नियमावली ब्रेकच्या धुळीलाही पहिल्यांदाच लगाम घालते आहे: बहुतेक पेट्रोल-डिझेल मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, विजेवर चालणाऱ्यांना ३. त्यामुळे असा कठीण थर साध्या गाड्यांवरही दिसू लागेल. दुसरीकडे ब्रेम्बो आणि एसजीएल यांनी मायटिंगेन आणि इटलीतलं स्टेझानो इथली सिरॅमिकची क्षमता ७० टक्क्यांहून अधिक वाढवण्यासाठी सुमारे १५ कोटी युरो घालायचं ठरवलं आहे. मागणी आहे म्हणूनच ना. गाडी घेऊन फक्त घाटात आणि महामार्गावर फिरणाऱ्याने सिरॅमिक जरूर घ्यावेत. ते त्याच्या हयातीत बहुधा झिजणार नाहीत. महिन्यातून एकदा जरी ट्रॅकवर जायचं असेल, तर लाल कॅलिपरच बरे.

आणि पिवळ्या कॅलिपरची जुनी गाडी घेणाऱ्याने चकत्यांच्या चकाकीवर भुलू नये. चकत्या काढून त्यांचं वजन कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहावं किंवा कार्बोटेक यंत्राने त्यांची तपासणी करून घ्यावी. चाक बसवताना कडा ठेचली गेली आहे का, तेही पाहावं. पोर्शे त्यासाठी चाकाला दिशा देणाऱ्या खास पिना देते आणि टायरवाले त्या हमखास डिकीतच राहू देतात.