आधी ‘पो’ शिका
सिहोरा-तुमसरकडच्या झाडीबोलीत वडीलधाऱ्यांशी ‘हो जी’, ‘काय जी’ असं बोलतात. फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत हेच काम ‘पो’ करतो. म्हणून फिलिपिन्सला निघालेल्याने पहिल्यांदा ‘पो’ शिकावा. ‘मगांदांग उमागा पो’ हा सकाळचा नमस्कार. ‘कुमुस्ता पो कायो?’ असं कुशल विचारलं, तर ‘मबूती पो’ म्हणावं. ‘सलामत पो’ या आभारांना उत्तर ‘वलांग अनुमान पो’. तिथे इंग्रजीही राजभाषा आहे, मग हा खटाटोप कशाला? इंग्रजीने काम भागतं, पण वयाचा मान असा वाक्यागणिक राखता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: भारतीय वैद्यकीय विद्यार्थी जातात त्या दावाओ शहरात घरोघरी सेबुआनो भाषा चालते. तिथे सकाळी ‘मआयोंग बुंताग’ म्हणावं हेच बरं. पण टागालोगवर आधारलेली फिलिपिनो १९८७च्या राज्यघटनेने राष्ट्रभाषा ठरवली आहे, ती शाळेतही शिकवतात, त्यामुळे ‘पो’ तिथेही कळतो.