नवरदेवाची कट्यार लोहाराकडूनच करवा



हळद लागली की आपल्याकडे नवरदेवाच्या हाती कट्यार येते आणि तिच्या टोकाला लिंबू खोचतात. आमच्या घरच्या लग्नात दुकानातून आणलेली चकचकीत कट्यार लिंबू खोचतानाच वाकली. पत्र्याचे पाते, वर नुसता मुलामा. मांडवात हसू झाले. गावातच लोहाराचा भाता चालू होता, पण त्याची आठवण कोणालाच झाली नाही.

यंदा घरात लग्न असेल तर कट्यार लोहाराकडून करवून घ्या. मात्र वैशाख-ज्येष्ठात जाऊ नका. तेव्हा त्याच्याकडे वखराच्या पाशी आणि विळे-खुरप्यांची रांग असते. पोळा झाला की सांगा. तुळशीच्या लग्नापर्यंत दोन-अडीच महिने हाती राहतात.

लोखंड तुम्हीच न्या. ट्रकच्या मोडक्या कमानीचा पाटा उत्तम. घरबांधणीच्या उरलेल्या सळईला हवे तसे पाणी चढत नाही. कमानीच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त असतो, म्हणून ते कडक होते. पाते लाल तापवून लोहचुंबक चिकटेनासे झाले की ते तेलात बुडवतात. एवढ्यावर थांबले तर ते काचेसारखे ठिसूळ राहते. म्हणून घासून उजळायचे आणि पुन्हा मंद शेकायचे. पात्यावर सोनेरी-तपकिरी रंग चढला की झाले. ही दुसरी शेक घाईत राहून जाते, तेवढी आठवणीने विचारा.

पाते ६ इंचांचे पुरे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. शेतीची व घरची अवजारे त्यातून वगळली आहेत, पण कट्यार काही अवजार नव्हे.

मूठ सागाची करा. तिला पितळी बोंड हवे असेल तर घरातले फुटके पितळी भांडे ओताऱ्याकडे द्या. उरलेल्या पितळेत बैलांच्या शेंब्याही होतील. भांडे देताना तोला आणि माल घेतानाही तोला. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. वितळताना थोडे जस्त धूर होऊन उडते. तेव्हा थोडी घट आली म्हणून कारागिरावर आळ घेऊ नका, आणि त्या पांढऱ्या धुरापाशी लेकरांना उभे करू नका.

मजुरीचे आधीच बोला. पूर्वी खळ्यावर लोहाराला ज्वारीचे बलुते मिळे. वाशीम जिल्ह्यात सोयाबीन पसरले, ज्वारी हटली, ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या. त्याबरोबर त्याचे बलुतेही गेले. आता रोख पैशावरच त्याची चूल पेटते. त्याला दुकानातल्या कट्यारीचा भाव ऐकवू नका. त्याने भाता बंद केला तर ऐन पेरणीत वाकलेली पास घेऊन तुम्ही तालुक्याला किती खेपा घालणार?

लिंबाच्या आंबटाने पाते काळे पडते. लग्न लागले की लिंबू काढा, पाते धुऊन कोरडे करा आणि तेलाचा हात फिरवून ठेवा. खंडेनवमीला विळ्या-कोयत्याशेजारी तीही पूजेत मांडता येईल.