गार हातपाय म्हणजे उतरलेला ताप नव्हे

तापाने फणफणलेल्या लेकराचे हातपाय गार पडले, की नांदेड-लातूरकडच्या घरांत अनेकदा हायसे वाटते: ताप उतरला! पोट मात्र चटका बसावा इतके तापलेले असते.

हातपाय गार आणि पोट गरम, हे काम स्वायत्त मज्जासंस्थेचे (हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्या, घाम आपल्या इच्छेविना सांभाळणारे मज्जातंतूंचे जाळे). ते कसे, हे दुष्काळाच्या उदाहरणाने समजते: २०१६च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा उरलेसुरले पाणी आधी पिण्यासाठी राखले गेले. सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गाला शरीराच्याच बेबंद प्रतिसादामुळे अवयवांना होणारी इजा) शरीर अनेकदा तसेच करते. त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त मेंदू-हृदयाकडे वळवते, ठोके वाढवते. लहान मुलांत ही झुंज इतकी चिवट असते, की रक्तदाब बराच काळ ठीक दिसतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून ‘बीपी नॉर्मल आहे’ एवढ्यावर विसंबणे धोक्याचे.

ताप चढताना थंडी वाजते तेव्हाही हातपाय गार पडतात, हे खरे. पण सोबत मूल मलूल असेल, श्वास जलद असेल, लघवी कमी झाली असेल किंवा नख दाबून सोडल्यावर लाली परतायला ३ सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठावा.